आकड्यांचे संगीत आणि खिशाचे गणित
(घरगुती स्ट्रीमर व डॅक यांची निवड)

— द्वितीय वर्ष बी. ए.

प्रास्ताविक

सन १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. आपल्या देशातील ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाची सुरुवात बहुधा तेथूनच सांगितली जाते. त्या वेळच्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे, आणि ती तबकडी विकत घेणे हे श्रीमंतांचेच काम होते. पुढे रेडिओ आला, लाँगप्ले आली, कॅसेट आली. १९८२ साली सीडी आली. आज तर कोणत्याही गवयाचे गाणे खिशातल्या फोनवर क्षणात लागते. गाणे सर्वांच्या हाताशी आले, ही या शतकातली मोठीच गोष्ट म्हटली पाहिजे.

परंतु हाताशी आलेले गाणे कानाशी नीट पोहोचते का? फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून तंबोऱ्याचा खर्ज ऐकू येत नाही, पखवाजाची थाप टिचकीसारखी वाटते. ज्यांच्या घरी जुना ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर धूळ खात पडले आहेत, त्यांना साहजिकच वाटते की फोनमधले गाणे यावर लावता आले तर किती बरे! मग दुकानदार दोन शब्द सांगतो: 'स्ट्रीमर' आणि 'डॅक'. त्याबरोबर किंमतही सांगतो, आणि ती शेकड्यांपासून लाखांपर्यंत कुठेही असू शकते.

मी कलाशाखेचा विद्यार्थी आहे. विद्युतशास्त्राचे शिक्षण मला नाही. परंतु आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे घरात कोणतीही नवी वस्तू घ्यायची झाली की "तू शिकलेला, तूच बघ" असे म्हणून ते काम माझ्याकडे येते. प्रस्तुत लेख अशा 'बघण्या'तून तयार झाला आहे. ज्या किमतीत माझ्या वर्षभराच्या एस. टी.च्या पासाचे पैसे निघतात, ती किंमत एका डबीसाठी मोजावी की नाही, हा प्रश्न आमच्या घरी चैनीचा नसून हिशेबाचा असतो. तो हिशेब नीट मांडता यावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आवाजाचे आकडे कसे होतात?

आवाज म्हणजे हवेतील कंपने. मनुष्याचा निरोगी तरुण कान साधारणपणे दर सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंतची कंपने ऐकू शकतो. मायक्रोफोन या कंपनांचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. जुन्या तबकडीवर हाच चढउतार खाचेच्या रूपाने कोरला जाई आणि कॅसेटवर चुंबकाच्या रूपाने उमटे. मूळ लाटेची हुबेहूब नक्कल करण्याच्या या पद्धतीला ॲनालॉग म्हणतात.

डिजिटल पद्धतीत लाटेची नक्कल केली जात नाही, तिची मोजणी केली जाते. सीडीच्या बाबतीत लाटेची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात, आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांच्या पट्टीवर टिपून ठेवतात. या पट्टीलाच १६ बिटांची पट्टी म्हणतात. उजवा आणि डावा असे दोन्ही बाजूंचे आकडे मिळून दर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात.

४४,१०० हाच आकडा का, असे कोणी विचारील. नायक्विस्ट (१९२८) आणि शॅनन (१९४९) यांच्या सिद्धान्तानुसार, एखाद्या लाटेतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळा तिची मोजणी केली, तर त्या आकड्यांवरून मूळ लाट पूर्णपणे परत उभी करता येते. कानाची मर्यादा २०,००० असल्याने तिची दुप्पट ४०,००० होते आणि वर थोडी मोकळीक ठेवलेली आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डिजिटल आवाज म्हणजे जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुटक आवाज, असे चित्र पुष्कळ जाहिरातींत काढलेले असते. परंतु आकडे परत लाटेत बदलताना शेवटी जी गाळणी लावलेली असते, तिच्यातून बाहेर पडणारी लाट गुळगुळीतच असते.

आकड्यांची परत लाट करणारे हे जे यंत्र, तेच डॅक. त्याचे पूर्ण इंग्रजी नाव 'डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर' असे आहे. आपण त्याला आकड्यांचा दुभाषा म्हणू. आणि इंटरनेटवरून किंवा घरातल्या साठ्यातून ते आकडे आणून दुभाष्याच्या हाती देणारा जो निरोप्या, तो स्ट्रीमर. काही यंत्रांत निरोप्या आणि दुभाषा एकाच डबीत राहतात, तर काहींत वेगवेगळ्या. तुमच्या फोनमध्ये हे दोघेही आहेत, हे विसरू नये. ज्या फोनला हेडफोनचे गोल भोक आहे, त्यात डॅक आधीपासूनच बसवलेला आहे. म्हणजे पुष्कळांच्या घरी ही वस्तू न विकत घेताच आलेली असते.

डॅक निवडताना काय पाहावे?

डॅकच्या खोक्यावर चिपचे नाव मोठ्या अक्षरांत असते. ईएसएस, एकेएम, सिरस लॉजिक, बर-ब्राउन ही नावे ऐकून ग्राहक भारावून जातो. २०२० च्या ऑक्टोबरात जपानमध्ये नोबेओका येथील एकेएमच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि या चिपांचा जगभर तुटवडा पडला. तेव्हा कित्येक कंपन्यांनी दुसऱ्या बनावटीची चिप बसवून आपला माल विकणे चालू ठेवले. तात्पर्य, चिप हा सर्व काही ठरवणारा भाग नव्हे. तिच्या भोवतीची जोडणी आणि वीजपुरवठा यांनाही तितकेच महत्त्व आहे.

मग पाहावे काय? पहिली गोष्ट म्हणजे गाण्याच्या मानाने यंत्राची स्वतःची खरखर किती खाली आहे. ही डेसिबलमध्ये सांगतात. १६ बिटांची पट्टी सुमारे ९६ डेसिबलचे अंतर देते. हे अंतर केवढे, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. रात्री शांत झालेल्या खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. त्यावर ९६ डेसिबल चढवले, तर कान दुखू लागण्याइतका आवाज होईल. आता पीसीएम ५१०२-ए नावाची एक साधी चिप घ्या. तिच्यावर बेतलेला छोटा बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत काही शे रुपयांत मिळतो. बनवणाऱ्यांनी तिचा आकडा ११२ डेसिबल दिला आहे. म्हणजे स्वस्तातली ही चिपसुद्धा सीडीच्या गरजेहून पुढे आहे.

दुसरी गोष्ट विकृतीची, म्हणजे मूळ लाटेत यंत्राने घातलेल्या भेसळीची. वरील चिपची भेसळ लाखात दोन-तीन भाग इतकी अल्प असते. याउलट सामान्य स्पीकर शेकडा अर्धा ते एक भाग भेसळ सहज करतो, आणि खोल खर्जात तर त्याहूनही अधिक. डॅक आणि स्पीकर यांच्या भेसळीत शेकडो पटींचा फरक असताना पैसा कोठे घालावा, हे सांगण्यास पंडित नको.

तिसरी गोष्ट बाहेर पडणाऱ्या दाबाची. सीडी प्लेअरप्रमाणे डॅकमधून सुमारे २ व्होल्ट बाहेर पडावेत, असा प्रघात आहे. फोनला लावायच्या शेपटीवजा डॅकमधून अर्धा ते एक व्होल्टच मिळतो. त्यामुळे ॲम्प्लिफायरचे बटण थोडे अधिक फिरवावे लागते, एवढेच. ॲपल कंपनीची यूएसबी-सी ते हेडफोन अशी जी छोटी दोरी अमेरिकेत ९ डॉलरला विकली जाते, तिच्या मोजमापांचे जाणकारांनी वारंवार कौतुक केले आहे. मात्र काही अँड्रॉइड फोनांवर तिचा आवाज फार लहान येतो. म्हणून घेण्यापूर्वी आपल्याच फोनवर लावून पाहावी.

चौथी गोष्ट जोडणीची. आपल्याकडील घरांत हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लॅपटॉप चार्जरला लावून यूएसबीने डॅकला जोडला की स्पीकरमधून पुष्कळदा "हूं" असा घुमारा येतो. लोक डॅकला दोष देतात. खरा दोष अनेकदा घरातल्या अर्थिंगचा असतो. तिसऱ्या पिनेला तारच नसलेली घरे आपल्या गावांत थोडी नाहीत. अशा वेळी सर्व यंत्रे एकाच बोर्डावर लावून पाहावीत, लॅपटॉप चार्जरशिवाय चालवून पाहावा, आणि शक्य असेल तेथे ऑप्टिकल जोडणी वापरावी. १९८३ साली तोशिबा कंपनीने आणलेल्या या जोडणीत आकडे प्रकाशाच्या रूपाने जातात. तारेत वीजच नाही, म्हणून तिच्या वाटेने घुमारा येत नाही. टीव्हीच्या मागे बहुधा हे चौकोनी भोक असते. त्याला काही शे रुपयांचा साधा ऑप्टिकल डॅक लावला, की टीव्हीवरचे यूट्यूबसुद्धा ॲम्प्लिफायरवर ऐकता येते. मात्र टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार 'पीसीएम' असा ठेवावा. नाहीतर स्वस्त डॅक मुका राहतो आणि तो बिघडलेला आहे असे वाटते.

मोठ्या आकड्यांचा मोह

दुकानदार सांगतो, "सीडीचे १६ बिट जुने झाले. हे घ्या २४ बिट आणि १,९२,०००!" सीडीहून बारीक मोजणीच्या या ध्वनिमुद्रणाला हाय-रेझोल्यूशन म्हणतात. ते खरोखर वेगळे ऐकू येते का, याच्या शास्त्रीय परीक्षा झालेल्या आहेत.

मायर आणि मोरान या दोन संशोधकांनी २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाय-रेझोल्यूशन गाणे एकदा जसेच्या तसे आणि एकदा सीडीच्या पट्टीतून गाळून ऐकवले. कोणते कोणते आहे हे श्रोत्यांना माहीत नव्हते. ५५४ वेळा विचारले असता २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवून उत्तर दिले असते तरी एवढेच आले असते. पुढे २०१६ साली लंडनच्या रीस या प्राध्यापकांनी अशा १८ अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२.३ निघाले. म्हणजे फरक अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. परंतु तो शंभरात दोनाएवढा आहे. दोन्ही बाजू समोर ठेवल्या तरी आपल्यासारख्याने त्यासाठी कर्ज काढावे, असे मला तरी त्यात काही दिसत नाही.

येथे घरचे एक उदाहरण देतो. माझ्या वडिलांची वीसहून अधिक वर्षे यंत्रमागाच्या कारखान्यात गेली. मागांच्या खटखटाटात दोन माणसे हाताच्या खुणांनी बोलतात. अशा आवाजात आयुष्य काढले की उंच कंपने ऐकण्याची शक्ती आधी जाते, हे वैद्यकशास्त्र सांगते. वय तर ती सर्वांचीच कमी करते. वडिलांना रात्री भजन ऐकायला आवडते. त्यांच्यासाठी २०,००० च्या पलीकडची कंपने विकत घेणे म्हणजे दिवा विझल्यावर वातीला सोन्याचा मुलामा देण्यासारखे होईल. शब्द स्पष्ट यावेत आणि मृदंगाचा आवाज भरीव यावा ही त्यांची गरज आहे, आणि ती चांगल्या स्पीकरने भागते.

याचा अर्थ सर्व ध्वनिमुद्रण सारखेच, असा मात्र नव्हे. इंटरनेटचा खर्च वाचावा म्हणून आवाजातला काही भाग वगळून आकडे कमी करतात. एमपी-थ्री हा त्यातला प्रसिद्ध प्रकार. फार आवळलेल्या फाइलमध्ये झांजांचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा येतो, हे कोणालाही ऐकू येते. उलट २००१ साली आलेली फ्लॅक ही पद्धत आकडे घडी घालून ठेवते आणि उलगडताना एकही आकडा हरवत नाही. ॲपल म्युझिकने २०२१ साली आणि स्पॉटिफायने २०२५ साली असे अखंड संगीत देण्यास सुरुवात केली. परंतु येथेही हिशेब आहे. सीडीच्या तोडीचे न आवळलेले संगीत तासाला सुमारे ६३५ एमबी खाते. फ्लॅकने त्याचा बराच भाग वाचतो. ३२० किलोबिटचे आवळलेले संगीत तासाला १४४ एमबीतच भागते. ज्यांच्या घरी फायबरची तार आली आहे, त्यांनी अखंड संगीत खुशाल ऐकावे. ज्यांना दिवसाला दीड जीबीच्या रिचार्जमध्ये अभ्यास, व्हॉट्सॲप आणि संगीत सर्व बसवायचे आहे, त्यांनी ३२० वर समाधान मानण्यात काही कमीपणा नाही.

स्ट्रीमर निवडताना काय पाहावे?

डॅक जुना होत नाही. आज घेतलेला बरा डॅक वीस वर्षांनीही तेवढेच चांगले काम करील. स्ट्रीमर मात्र जुना होतो, कारण तो संगणक आहे. त्याचे आयुष्य लोखंडावर अवलंबून नसते, तर कंपनीच्या मर्जीवर असते.

दोन उदाहरणे पाहू. गूगलने २०१५ साली क्रोमकास्ट ऑडिओ ही ३५ डॉलरची छोटी चकती काढली. स्वस्त स्ट्रीमर म्हणून ती जगभर गाजली. २०१९ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबल्याचे जाहीर झाले. मार्च २०२५ मध्ये आतले एक डिजिटल प्रमाणपत्र मुदत संपल्याने बाद झाले, आणि घराघरांतल्या या चकत्या एकाएकी काम करीनाशा झाल्या. काही दिवसांनी गूगलने दुरुस्ती पाठवली म्हणून त्या परत चालू झाल्या. दुसरे उदाहरण स्क्वीझबॉक्सचे. लॉजिटेकने २००६ साली ही कंपनी विकत घेतली आणि २०१२ साली हे यंत्र बंद केले. परंतु त्याचा घरगुती सर्व्हर कोणासही पाहता व सुधारता येईल अशा खुल्या स्वरूपात होता. म्हणून हौशी लोकांनी तो स्वतः सांभाळला, आणि आज तो 'लिरियन' या नावाने चालू आहे. दोन्ही यंत्रे बाजारातून गेली. पण एकाची किल्ली कंपनीच्या खिशात होती आणि दुसऱ्याची लोकांच्या हातात. ज्याला दहा वर्षांतून एकदाच खरेदी परवडते त्याने हा फरक अवश्य पाहावा. म्हणूनच शक्य असल्यास स्ट्रीमर आणि डॅक वेगळे घ्यावेत, आणि त्यांतला स्ट्रीमर स्वस्तातला घ्यावा.

स्ट्रीमर गाणे कसे आणतो हेही विचारावे. ब्लूटूथने जोडला तर गाणे फोनमधून परत एकदा आवळून जाते, आणि फोन घेऊन कोणी बाहेर गेले की गाणे तुटते. स्पॉटिफाय कनेक्ट किंवा क्रोमकास्ट या पद्धतीत फोन फक्त हुकूम देतो; गाणे स्ट्रीमर स्वतः इंटरनेटवरून ओढतो. ॲपलच्या एअरप्लेमध्ये ते वाय-फायवरून, पण फोनमार्फतच येते. ज्या घरात एकच चांगला फोन आहे आणि तो सकाळी कामावर जातो, त्या घराला हा भेद चांगलाच जाणवतो.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: हे यंत्र आपल्या स्वतःच्या फाइली वाजवते का? कंपनीच्या यादीत लाखो गाणी असतील, पण आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचे एकही नाही. माझे आजोबा त्या मंडळात गात. त्यांचा आवाज आता फक्त चार कॅसेटींत उरला आहे. अशा कॅसेटी कोणाकडे नाहीत? कोणाकडे कीर्तन असेल, कोणाकडे जात्यावरच्या ओव्या, तर कोणाकडे गावच्या जत्रेतला वगनाट्याचा एखादा प्रवेश. कॅसेटची फीत वर्षागणिक झिजते. ती लॅपटॉपला जोडून १६ बिट, ४४,१०० या पट्टीवर उतरवून फ्लॅक करून ठेवावी. कॅसेटची स्वतःची मर्यादा सीडीहून पुष्कळ खाली असल्याने याहून मोठी पट्टी लागत नाही. जो स्ट्रीमर पेनड्राइव्हवरच्या किंवा घरातल्या संगणकावरच्या अशा फाइली वाजवीत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी आपल्या उपयोगाचा नाही.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. एक, दोन भागांच्या मध्ये खंड न पडता गाणे चालू राहते का. नाहीतर विलंबित संपून द्रुत सुरू होताना रसभंग होतो. दोन, राग, ताल आणि साथीदार यांची नोंद करता येते का. संगीताची बहुतेक ॲपे सिनेमाचे नाव विचारतात, रागाचे नाही. स्वतःच्या संग्रहात मात्र आपण हव्या त्या रकान्यात रागाचे नाव लिहून ठेवू शकतो, आणि मग एकाच रागातले चार घराण्यांचे गाणे शेजारी शेजारी लावून ऐकता येते. संगीत विषय घेतलेल्या आमच्या मित्रमैत्रिणींना हा लाभ विशेष वाटेल. आकाशवाणीने २०१६ साली सुरू केलेली 'रागम्' ही वाहिनीही याच वाटेने घरात येऊ शकते.

तीन मार्ग

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. किमती रोज बदलतात आणि परदेशी वस्तूवर आयातकर चढतो. म्हणून मी रुपयांऐवजी मार्ग सांगतो.

पहिला मार्ग जवळजवळ फुकटचा. काच तडकलेला एखादा जुना फोन घरात पडलेला असतोच. त्याला हेडफोनचे भोक असेल तर हेडफोनची पिन एका बाजूला आणि लाल-पांढऱ्या दोन पिना दुसऱ्या बाजूला अशी तार आणून ॲम्प्लिफायरच्या 'ऑक्स' भोकात लावावी. चार्जिंगचे भोक वेगळे असल्याने फोन दिवसभर चालू राहतो. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त ॲम्प्लिफायरवर करावे. भोक नसेल तर वर सांगितलेली यूएसबीची शेपटी लावावी. पुष्कळांची गरज येथेच भागेल, आणि भागली तर पुढे जाऊ नये.

दुसरा मार्ग हाताने काम करण्याची हौस असणाऱ्यांचा. रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या डावातल्या पानाहून लहान संगणक आहे. त्याचा झीरो टू डब्ल्यू हा प्रकार २०२१ साली १५ डॉलरला निघाला. त्याच्या पिनांवर पीसीएम ५१०२-ए चा बोर्ड जोडून मेमरी कार्डावर 'मूड ऑडिओ' किंवा 'पायकोअरप्लेअर' ही मोफत प्रणाली भरली, की स्ट्रीमर तयार होतो. एकाएकी वीज गेली तर अशा संगणकाचे कार्ड बिघडण्याचा संभव असतो. पायकोअरप्लेअर सर्व काही तात्पुरत्या स्मृतीत चढवून चालतो, म्हणून त्याला हा धोका कमी. भारनियमनाच्या गावांत हा गुण मोलाचा आहे. आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांनी मनावर घेतले तर एका रविवारच्या दुपारचे हे काम आहे.

तिसरा मार्ग तयार वस्तूचा. वीम मिनी किंवा त्याचा थोरला भाऊ वीम प्रो ही यंत्रे सध्या स्वस्त स्ट्रीमरांत नावाजलेली आहेत. दोन्हींत डॅक आहे आणि ऑप्टिकल तोंडही आहे, त्यामुळे पुढे वेगळा डॅक लावता येतो. प्रोमध्ये तारेच्या इंटरनेटचीही सोय आहे. ज्या घरी वडीलधाऱ्यांना यंत्राशी झटापट नको आहे, तेथे हा मार्ग बरा. वेगळा डॅक हवाच असेल तर फिओ, टॉपिंग, शिट यांचे प्राथमिक नमुने पुरेसे आहेत. त्यांच्या वरच्या नमुन्यांनी मोजमापाचे आकडे सुधारतात. ते सुधारणे कानाला कळेलच असे नाही.

मार्ग कोणताही असो, उरलेला पैसा स्पीकरवर घालावा. आणि त्याच्याही आधी, ज्याला पैसा लागत नाही ते करावे. उघड्या भिंती आणि फरशी यांवरून आवाज उसळी घेतो. खाली सतरंजी अंथरली आणि समोरच्या भिंतीवर एखादी जाड वाकळ टांगली तर शब्द स्वच्छ होतात. दोन स्पीकर एकमेकांवर न ठेवता चार-पाच हात दूर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावेत. एवढ्याने जो फरक पडतो, तो डॅक बदलून पडत नाही.

कानाची परीक्षा

शेवटी, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतः पाहून ठरवावे. आमच्या मानसशास्त्राच्या वर्गात सूचनेचा परिणाम शिकवतात. किंमत आधी कळली की महाग ते गोड लागते. शिवाय दोन आवाजांपैकी किंचित मोठा असलेला नेहमी अधिक चांगला वाटतो, आणि दुकानातल्या तुलनेत ही गोष्ट सहज निसटते. म्हणून दोन्ही यंत्रांचा आवाज सारखा करून घ्यावा. मित्राला नाणे उडवून यंत्र बदलण्यास सांगावे, आणि आपण पाठ करून बसावे. असे दहा वेळा करावे. पाच-सहा उत्तरे बरोबर आली तर तो योगायोग समजावा. नऊ किंवा दहा आली तर फरक खरा मानण्यास जागा आहे, कारण केवळ नशिबाने असे होण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास आहे. या परीक्षेत जो फरक टिकत नाही, त्यासाठी घरच्यांकडून पैसे मागू नयेत.

समारोप

थोडक्यात सांगायचे तर, चांगला डॅक आज स्वस्त झाला आहे आणि तो पुष्कळदा आपल्या घरातच आहे. स्ट्रीमर साधा, खुला आणि आपल्या स्वतःच्या फाइली वाजवणारा असावा. पैसा स्पीकरवर घालावा, आणि निर्णय डोळे मिटून कानाने करावा.

एकेकाळी चांगले गाणे ऐकायला दरबार लागे, पुढे तबकडी आणि तबकडी परवडणारे घर लागे. आज विज्ञानाने ती अट काढून टाकली आहे. काही शे रुपयांच्या चिपमधून निघणारा स्वर आणि लाख रुपयांच्या यंत्रातून निघणारा स्वर यांत मोजूनमापून फरक शोधावा लागतो, ही आपल्यासारख्यांच्या दृष्टीने आनंदाची गोष्ट आहे. मात्र बाजार ती गोष्ट आपल्याला आपणहून सांगणार नाही. ती आपणच शिकून घेतली पाहिजे, आणि शिकलो की घरी जाऊन सांगितली पाहिजे. माझ्यासारख्या ज्यांना "तूच बघ" असे सांगितले जाते, त्या सर्व मित्रमैत्रिणींना या टिपणाचा उपयोग व्हावा. जाणकार गुरुजनांनी यातील उणिवा दाखवून दिल्यास मी त्यांचा ऋणी राहीन.